शिवाजी महाराजांची समुद्रस्वारी

इ.स. १६४० च्या सुमारास बाल शिवाजीराजे मातोश्री जिजाबाईंसह बंगळुरास गेले. विजापूरच्या आदिलशहाचे सरदार असलेल्या शहाजीराजांची तेथे जहागीर होती. बंगळूर हे पठारावरील नगर. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेल्या राजांचे बालपण असे डोंगर-पठारांवरच गेले. पुढे कर्नाटकाच्याच किनाऱ्यावर ते स्वतःच्या आरमारानिशी उतरतील, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

१६५७ मध्ये कल्याण व भिवंडी ही ठाणी स्वराज्यात आली आणि महाराजांचा समुद्राशी संबंध आला. किनारा आपला असला तरी पाण्यावर सत्ता पोर्तुगीजांची आणि जंजिऱ्याच्या सिद्दीची होती. समुद्रपर्यटन निषिद्ध मानण्याचा तो काळ. तरीही महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली. आरंभी पोर्तुगीज कारागीर कामावर होते. ते निघून गेल्यावरही काम थांबले नाही. कोळी, भंडारी, मुसलमान अशा दर्यावर्दी लोकांना त्यांनी आरमारात घेतले. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली.

फेब्रुवारी १६६५ मध्ये ८५ लहान गलबते व ३ मोठी जहाजे घेऊन महाराज मालवणहून दक्षिणेस निघाले. सुमारे ३०० किलोमीटरवरील बसरूर हे केळदीच्या राज्यातील संपन्न बंदर त्यांनी अचानक गाठले आणि तेथून मोठी लूट मिळवली. परतताना त्यांनी गोकर्ण येथे महाबळेश्वराचे दर्शन घेतले. बरेचसे आरमार पुढे पाठवून ते कारवारकडे वळले व तेथील व्यापाऱ्यांकडून खंडणी घेतली.

घोड्यावरील स्वारी आणि शिडाच्या जहाजावरील स्वारी यांत मोठा फरक असतो. जहाजावर जागा अपुरी, गोडे पाणी मोजून वापरायचे आणि वाटचाल सारी वाऱ्याच्या स्वाधीन. रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात, दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात; त्यांची वेळ साधून तांडेल शिडे फिरवतो. वायव्येचा वारा दक्षिणेस जाताना साहाय्य करतो, परतताना मात्र तोच वाट अडवतो. महाराजांनाही हा अनुभव आला. प्रतिकूल वाऱ्यामुळे त्यांचा परतीचा प्रवास लांबला.

हा विलंब साधा नव्हता. त्याच सुमारास मिर्झाराजे जयसिंग मोगलांची प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत आले होते. मार्चच्या आरंभी ते पुण्यास पोहोचले. राजा दूर किनाऱ्यावर आणि शत्रू घराच्या दाराशी, असा तो प्रसंग होता. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला व महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले.

यानंतर महाराज स्वतः पुन्हा समुद्रस्वारीवर गेल्याची नोंद आढळत नाही. परंतु आरमाराकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. १६६७ मध्ये सिंधुदुर्ग पूर्ण झाला. वादळात व पावसाळ्यात जहाजांना आसरा हवा, तो आसरा राखण्यास तोफा हव्यात. म्हणून जलदुर्ग आणि आरमार यांची सांगड त्यांनी अखेरपर्यंत जपली. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांचे निधन झाले. पुढे याच आरमाराचा कारभार कान्होजी आंग्रे यांनी वाढवला. २०२२ मध्ये भारतीय नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजावरील अष्टकोनी चिन्हाची प्रेरणा शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतून घेतलेली आहे.