घर गहाण ठेवून आणलेलं पदक

ऑलिंपिक म्हटलं की आमच्या होस्टेलवर लगेच नीरज चोप्राचा भाला निघतो. पण स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं ते आपल्या मराठी पैलवानाने, खाशाबा जाधवांनी. कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत मला हे नाव कधी भेटलं नाही. धुळ्याच्या आजोबांकडून ऐकलं.

जन्म १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडीलही पैलवान. १९४८ ला लंडनला ते सहावे आले. तोवर सगळी कुस्ती तांबड्या मातीत, मॅटची सवय कुठली?

खरी गोष्ट पुढे आहे. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसेच नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. विद्यार्थ्यासाठी! (आपण मेसचं बिल थकलं की सर दिसताच जिना बदलतो.)

तिथे जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरले. विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. भांडायला सोबत आपला अधिकारी नव्हता. तरी ब्राँझ आणलंच.

कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले आणि सरांचं घर सोडवलं.

१९५५ ला ते पोलिसात लागले. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. त्यांच्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक आलं ते थेट १९९६ ला, लिअँडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं गेली.