हेस्टर बेटमन : लिहिता न येणाऱ्या बाईची चांदीवरची सही

मंडळी, सराफाकडे गेल्यावर आपण हॉलमार्क आहे का, हे आधी विचारतो. त्यातला 'हॉल' म्हणजे लंडनचा गोल्डस्मिथ्स हॉल. तिथे चांदीचा कस तपासून भांड्यांवर ठसे उमटवत आणि प्रत्येक कारागिराच्या ठशाची वहीत नोंद ठेवत. एप्रिल १७६१ मध्ये या वहीत पन्नाशी ओलांडलेल्या एका विधवेने आपला ठसा नोंदवला. तिचं नाव हेस्टर बेटमन. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

हेस्टरचा जन्म १७०८ चा, लंडनचा. नवरा जॉन सोन्याच्या साखळ्या बनवायचा. १७६० मध्ये तो क्षयाने गेला आणि मृत्युपत्रात हत्यारं बायकोच्या नावे ठेवून गेला. कारखाना बंद करणं सोपं होतं. हेस्टरने मुलांना हाताशी घेऊन तो चालू ठेवला.

सुरुवातीची बरीच वर्षं त्यांनी दुसऱ्या चांदीकारांसाठी माल बनवला. त्यावर ठसा अर्थातच दुसऱ्याचा. म्हणून तिच्या नावाच्या त्या काळातल्या वस्तू कमी सापडतात. पुढे स्पर्धा आली ती शेफील्डच्या मालाची. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली ती भांडी दिसायला चांदीची, पण बरीच स्वस्त! हेस्टरच्या कारखान्याने खऱ्या चांदीचाच पातळ पत्रा वापरून किंमत आटोक्यात ठेवली. चहादाण्या, चमचे, साखरेचे चिमटे अशा मध्यमवर्गाला परवडणाऱ्या वस्तू त्यांनी बनवल्या. काठाला बारीक मण्यांची ओळ आणि अंगावर चमकदार कोरीवकाम ही त्यांची ओळख.

आता भिंग घ्या. वळणदार, हाताने लिहिल्यासारखी 'एच' आणि 'बी' ही इंग्रजी अक्षरं म्हणजे हेस्टरचा ठसा. पण तेवढ्यावर थांबू नका. चालणारा सिंह चांदीचा कस सांगतो, मुकुटधारी बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि एकटं अक्षर वर्ष सांगतं. राजाचं डोकं असेल तर वस्तू डिसेंबर १७८४ नंतरची, कारण तेव्हा चांदीवर कर लागू झाला आणि तो भरल्याची ही खूण होती. आणि हो, ठसा हेस्टरचा म्हणजे ती वस्तू तिने स्वतः ठोकली असं नव्हे. मालाची जबाबदारी तिची, एवढाच त्याचा अर्थ. विक्रेते हे सांगायचं सोयीस्करपणे विसरतात.

१७९० मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, ती कामातून बाजूला झाली. १७९४ मध्ये तिचं निधन झालं. तिच्यामागे पीटर आणि जोनाथन या मुलांनी डिसेंबर १७९० मध्ये जोडठसा नोंदवला, पण काही महिन्यांतच जोनाथन वारला. मे १७९१ मध्ये त्याच्या जागी त्याची बायको अ‍ॅन हिची अक्षरं आली. त्यामुळे दोन भावांचा ठसा असलेली वस्तू आज क्वचितच सापडते.