४ रुपये पगारावर मैदान राखणारा बाळू पालवणकर भारताचा पहिला मोठा बॉलर कसा झाला?

नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. जेद्दाहमध्ये आयपीएलचा लिलाव सुरू होता आणि आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माला आरसीबीनं ११ कोटी रुपयांना घेतलं. त्या रात्री अमरावती-अकोल्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. पोरगं क्रिकेट खेळून कमावतं यात आता कुणाला वावगं वाटत नाही. उलट बाप स्वतः गाडीवर बसवून कोचिंगला सोडतो.

पण खेळून पैसे घेणं ही एकेकाळी हलकी गोष्ट समजली जायची. खेळ हा साहेबलोकांचा शौक, आणि जो त्यातून पोट भरतो तो नोकर, असा सरळ हिशोब होता. इंग्लंडमध्ये याच मुद्द्यावर रग्बी फुटलं. उत्तरेकडच्या क्लबांमध्ये खाणीत आणि गिरणीत राबणारी पोरं खेळायची. मॅचसाठी बुडालेल्या रोजाचे पैसे त्यांना द्यायचे की नाही यावरून भांडण लागलं आणि १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसून त्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. आजची रग्बी लीग तिथूनच आली.

बरोबर त्याच काळात आपल्या पुण्यात एक पोरगा महिना ४ रुपयांवर युरोपियन लोकांचं मैदान राखत होता. त्याचं नाव बाळू पालवणकर. त्याच्या वाट्याला दुहेरी भोग होता. तो नोकर तर होताच, वर जातीनं चांभार होता.

पुण्यातलं मैदान

पालवणकर मूळचे कोकणातले. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा, पण वडील लष्करी नोकरीत असल्यानं बालपण पुण्यात गेलं. लष्करातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

पहिली नोकरी लागली ती एका पारशी क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि मेंबर लोकांना सराव हवा असेल तेव्हा चार बॉल टाकायचे. पगार ३ रुपये. मग ते पूना जिमखान्यावर आले. हा युरोपियनांचा क्लब. इथं १ रुपया वाढला आणि कामंही वाढली. जाळी लावणं, चुन्याच्या रेघा मारणं, टेनिसची कोर्टं नीट ठेवणं, सगळं आलं.

इथंच त्यांची बॉलिंग घडली. डावखुरी फिरकी. समोर असायचे कॅप्टन ग्रेग, त्या काळी इथल्या गोऱ्यांमधले सगळ्यात तगडे बॅट्समन. बाळूंनी आउट केलं की ग्रेग दरवेळी ८ आणे द्यायचे, अशी गोष्ट सांगतात. खरी असेल तर हा आपल्याकडचा पहिला परफॉर्मन्स बोनस म्हणायला हरकत नाही!

तासन् तास बॉलिंग करून घेणाऱ्या या क्लबानं बाळूंच्या हातात बॅट मात्र कधी दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, घाम नोकरानं गाळायचा.

मैदानात चालतो, पंगतीत नाही

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि गोऱ्यांच्या बॅट्समनना आतून-बाहेरून ओळखणारा बॉलर गावातच होता. पण त्याला घ्यायचं कसं? क्लबातले तेलुगू मेंबर म्हणाले, घ्या. पुण्यातले ब्राह्मण मेंबर तयार नव्हते. शेवटी जिंकण्याची हाव सोवळ्यावर भारी पडली आणि बाळू संघात आले.

मैदानात सगळे एकच बॉल हाताळायचे, त्याला विटाळ नव्हता. खेळ थांबला की विटाळ सुरू. चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायला वेगळं टेबल. तोंड धुवायचं असेल तर पाणी आणून द्यायला अस्पृश्य नोकर. जो माणूस विकेटा काढून मॅच जिंकून देतोय, त्याची ही व्यवस्था.

पण विकेटांमुळं थोडं थोडं बदलतही गेलं. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याला बाळूंच्या संघानं हरवलं तेव्हा त्यांचं जाहीर कौतुक झालं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला.

मग पुण्यात प्लेग आला आणि पालवणकर कुटुंब मुंबईला गेलं. तिथं परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात बाळूंना घेण्यावरून पुन्हा कुरकुर झाली, पण घेतलं. नोकरी मिळाली रेल्वेत. खेळाडूला रेल्वेत चिकटवायची पद्धत आजही सुरू आहे, तिची मुळं अशी जुनी आहेत.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन अशी मोठी मॅच झाली. हिंदू १०९ रन्सनी जिंकले. संघात बाळू होते आणि शिवरामही. वंगभंगाच्या आंदोलनाचे दिवस, त्यात गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलेलं, त्यामुळं शहरात जल्लोष झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी साप्ताहिकानं मात्र वेगळ्या जागी बोट ठेवलं. अस्पृश्य भावांना संघात घेतलं म्हणून हा विजय मिळाला, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

११४ विकेट्स

१९११ मध्ये पहिल्यांदा सगळ्या भारताचा म्हणावा असा संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. महाराजांचं लक्ष क्रिकेटपेक्षा मेजवान्यांकडे जास्त होतं आणि ते लवकरच संघातून बाहेर पडले. संघ २३ मॅचेस खेळला, १५ हरला, ६ जिंकला.

पण बाळूंचे आकडे बघा. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट्स घेतल्या, त्याही १८.८४ च्या सरासरीनं. तेव्हा ते पस्तिशीचे होते आणि खांदा दुखत होता. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ विकेट्स घेतल्या. लेस्टरशायरविरुद्ध मॅचमध्ये ११ घेतल्या आणि भारतीय संघाला दौऱ्यातला पहिला विजय मिळाला. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवरामनं नाबाद शतक मारलं. इंग्लिश काउंट्यांनी बाळूंना व्यावसायिक म्हणून खेळायचं आमंत्रण दिलं होतं असं सांगितलं जातं. ते मात्र परत आले.

मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचं मानपत्र तयार करण्यात एक विशीतला तरुण होता, असं मानलं जातं. तो म्हणजे भीमराव आंबेडकर.

कप्तानी

संघातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, यावर वाद नव्हता. तरी कप्तानी बाळूंकडे आली नाही. १९१३ मध्ये चारही पालवणकर भाऊ हिंदू संघात होते, बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. कप्तान झाले एम. डी. पै. पै स्वतः ब्राह्मण, पण दिलदार माणूस. हा मान खरं तर बाळूंचा होता, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

१९२० मध्ये प्रकरण तुटेपर्यंत ताणलं गेलं. पै आजारी पडले आणि कप्तानी पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना मिळाली. विठ्ठलचा हक्क डावलला आणि बाळूंना तर संघातूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम दोघांनी माघार घेतली आणि ती जातीच्या कारणावरून घेतल्याचं पत्र काढून जाहीर केलं. त्या काळात हे केवढं धाडसाचं होतं याचा विचार करा. लोकांचा दबाव वाढला, पै परतले, बाळूंना उपकप्तान केलं गेलं. मॅच चालू असताना पै मुद्दाम मैदानाबाहेर जायचे, म्हणजे तेवढा वेळ संघ बाळूंच्या हातात राहील. बाळूंची कप्तानी एवढीच.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि युरोपियनांना हरवलं. लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. आणि चारच वर्षांनी, १९२७ मध्ये, इकडं अमरावतीत अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढा उभा करावा लागला. त्यासाठीच्या नोव्हेंबरातल्या परिषदेचे अध्यक्ष होते बाबासाहेब.

बाबासाहेबांच्या विरोधात

इथून पुढचा भाग जरा अवघड आहे, आणि म्हणूनच तो बहुतेक वेळा गाळला जातो.

१९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा वाद पेटला. बाबासाहेबांना अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवे होते. बाळूंना ते पटत नव्हतं. ते एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांच्या संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं उभे राहिले. याच बाजूला आपल्या अमरावतीचे गणेश आकाजी गवई होते. सप्टेंबरात पुणे करार झाला तेव्हा बाबासाहेबांबरोबर बाळू आणि गवई यांच्याही सह्या त्यावर होत्या.

१९३७ ला मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे होते. काँग्रेसनं त्यांच्यासमोर कुणाला उतरवलं? बाळू पालवणकरांना. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. अस्पृश्य समाजाचा एकेकाळचा सगळ्यात मोठा हिरो आणि त्याच समाजाचा नवा नेता, अशी ही लढत होती. काँग्रेसनं त्यांचं नाव वापरून घेतलं, असं मला वाटतं. पण बाळूंची स्वतःची मतंही होती, ते कुणाच्या हातातलं बाहुलं नव्हते. मैदानात सोबत खेळून जात हळूहळू झिजते हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात थोडंफार पाहिलं होतं. ती किती कमी झिजते हे बाबासाहेबांनी पाहिलं होतं.

भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू छप्पन्नच्या आसपास होते. त्यामुळं त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही. ३३ प्रथम श्रेणी मॅचेस, १७९ विकेट्स आणि १५.२१ ची सरासरी एवढीच नोंद सापडते. बाकीचं बरंच काही आपल्याला कळतं ते विठ्ठल पालवणकरांमुळं. त्यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं, आणि ते मराठीत आहे.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू पालवणकर गेले. अंत्ययात्रेला क्रिकेटपटू आले होते आणि खासदारही.