विश्लेषण : शुक्राकडे याने धाडणारे सर्गेई कोरोलेव्ह कोण होते?

शुक्राचा पृष्ठभाग दाट ढगांखाली दडलेला. तो जाणून घ्यायचा तर यानच पाठवायला हवे, म्हणून झटणारे सोव्हिएत अभियंते म्हणजे सर्गेई कोरोलेव्ह.

जन्म १९०७ चा, युक्रेनमधील झिटोमिरचा. १९३८ मध्ये स्टालिन राजवटीने त्यांना खोट्या आरोपांखाली अटक केली आणि कोलिमातील सोन्याच्या खाणीत सक्तमजुरीला धाडले. पुढे त्याच देशाने अग्निबाणांचे काम त्यांच्याकडे सोपवले. १९५७ मध्ये स्पुटनिक, १९६१ मध्ये गागारिन अवकाशात गेले; कोरोलेव्ह यांचे नाव मात्र गुप्तच राहिले.

शुक्राने दाद दिली नाही. १९६१ मध्ये ‘व्हेनेरा-१’चा संपर्क वाटेतच तुटला. नोव्हेंबर १९६५ मध्ये ‘व्हेनेरा-३’ निघाले. ते वाटेत असतानाच, १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेदरम्यान कोरोलेव्ह यांचे निधन झाले. त्यानंतरच त्यांचे नाव जगाला कळले. १ मार्चला यान शुक्रावर आदळले. दुसऱ्या ग्रहावर पोहोचलेले ते पहिले यान. पण संपर्क आधीच तुटल्याने माहिती मिळाली नाही.

ग्रहमोहिमांचे काम १९६५ मध्येच गिओर्गी बाबाकिन यांच्याकडे गेले होते. त्यांच्या ‘व्हेनेरा-७’ने डिसेंबर १९७० मध्ये शुक्रावर उतरून २३ मिनिटे संदेश पाठवले. तापमान होते सुमारे ४७५ अंश सेल्सियस. ते यान नेणारा अग्निबाण कोरोलेव्ह यांच्याच ‘आर-७’वर आधारलेला होता.