खोटा शिलिंग

१८११ साली श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापून देणारे डॉ. विल्यम केरी आपणांस ठाऊक आहेत. त्यांचे पोरवय मात्र फारसे कोणी सांगत नाही.

१७६१ साली इंग्लंडातील पॉलर्सपरी गावी एका विणकराच्या घरी ते जन्मले. उन्हाने त्वचेस विकार जडे, म्हणून शेतकाम सुटले आणि जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी पत्करावी लागली. तेथेच एका टीकाग्रंथात त्यांनी प्रथम ग्रीक अक्षरे पाहिली, ती उतरून घेतली व गावातील एका जाणत्या विणकराकडून समजून घेतली.

त्याच काळात नाताळची बक्षिसी म्हणून मिळालेला एक शिलिंग खोटा निघाला. केरींनी तो धन्याच्या पैशांत खपविण्याचे ठरविले. वाटेत त्यांनी, एवढी लबाडी पचू दे, पुन्हा असे करणार नाही, अशी विनवणी केली, आणि तीही कोणाची? देवाचीच! चौकशी झाली, बिंग फुटले. लाजेने कितीतरी दिवस त्यांना घराबाहेर पडवेना. मात्र त्याच लाजेतून ते ख्रिस्ताच्या क्षमेचा खरा शोध घेऊ लागले.

ही हकिकत पुढे त्यांनी स्वतःच लिहून कळविली. एरवी ती आपणांस कोण सांगणार होते?