एम्बलीचा वाडा व वेलोचे देऊळ : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र

इंग्लंडच्या दक्षिण भागात हॅम्पशायर नावाचा परगणा आहे. त्यातील रॉम्सी या बाजारगावाजवळ ईस्ट वेलो नावाचे लहानसे खेडे आहे. येथील संत मार्गारेटचे देऊळ तेराव्या शतकातील असून त्याच्या भिंतींवर फार पूर्वी काढलेली चित्रे आजही पुसट दिसतात. देवळापासून थोड्या अंतरावर एम्बली पार्क नावाचा भव्य वाडा उभा आहे. पूर्वी इंग्लंडातील पुष्कळ खेड्यांची ठेवण अशीच असे : एकीकडे जमीनदाराचा वाडा, दुसरीकडे गावचे देऊळ, आणि आसपास शेतकऱ्यांची व मजुरांची घरे. याच वाड्यात वाढलेल्या व याच देवळाच्या अंगणात विसावलेल्या एका स्त्रीचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला व त्या शहराचेच नाव तिला मिळाले. तिचे वडील विल्यम नाइटिंगेल यांस आपल्या आईच्या मामांची मोठी इस्टेट मिळाली होती. १८२५ साली त्यांनी एम्बलीचा वाडा विकत घेतला. वडील विद्येचे भोक्ते होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींस ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घरीच शिकविले. वाड्यात नोकरचाकरांची वाण नव्हती, पाहुण्यांची वर्दळ असे, आणि दोघी मुलींनी थोर घरी लग्ने करून सुखाने नांदावे यापलीकडे आईची इच्छा नव्हती.

तथापि ७ फेब्रुवारी १८३७ या दिवशी, एम्बली येथे असताना, देवाने आपणास त्याच्या सेवेस पाचारण केले आहे अशी फ्लॉरेन्सची खात्री झाली. त्या वेळी ती सोळा वर्षांची होती. सेवा कोणती हे मात्र तिला कळले नाही. पाचारण झाले म्हणजे मार्गही त्याच दिवशी मोकळा होतो असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. या मुलीस तर वाट दिसण्यासच कित्येक वर्षे लागली, आणि वाट दिसल्यावर घरच्यांनी ती अडवून धरली.

वाड्यातील स्त्रिया गरिबांच्या घरी सार व कपडे पोहोचवीत असत. फ्लॉरेन्सही जाई, परंतु ती दारातून परत फिरत नसे. ती आजाऱ्याच्या खाटेजवळ बसे. १८४५ साली गावातील एक गरीब स्त्री तिच्या डोळ्यांदेखत मरण पावली, आणि त्यास कारण रोगापेक्षा उशाशी बसलेल्यांचे अज्ञानच अधिक, असे तिला दिसून आले. दया होती, जाग्रणही झाले होते. पण शुश्रूषा कशी करावी हे कोणासही ठाऊक नव्हते. मग सॉल्झबरीच्या इस्पितळात काही महिने राहून हे काम शिकावे असा बेत तिने घरी सांगितला. घरात आकांत झाला. त्या काळी इस्पितळातील दाया दारूबाज व हलक्या चालीच्या म्हणून बदनाम असत. कुलीन घरच्या मुलीने तेथे पाऊल ठेवणे म्हणजे कुळास काळिमा, असे आईस व बहिणीस वाटले. बेत मोडला.

फ्लॉरेन्सने उघड बंड केले नाही आणि इच्छाही सोडली नाही. पहाटे, वाडा झोपेत असता, मेणबत्ती लावून ती इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाची, टिपणे करी, आणि न्याहारीची घंटा होताच खाली येऊन पाहुण्यांत बसे. अशी वर्षांमागून वर्षे गेली. एका सज्जन व विद्वान गृहस्थाने तिला मागणी घातली. तिला ते आवडतही होते. तरी १८४९ साली तिने नकार दिला.

अखेरीस जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी कैझर्सवर्थ या गावी तिला दार उघडले. तेथे फ्लीड्नर नावाच्या एका गरीब मंडळीच्या पाळकाने १८३६ साली इस्पितळ काढून ख्रिस्ती सेविकांस शुश्रूषेचे शिक्षण देण्यास आरंभ केला होता. १८५१ साली फ्लॉरेन्स तेथे तीन महिने राहिली. पहाटे पाचास उठणे, साधे अन्न व दिवसभर रुग्णांची सेवा असा तेथील क्रम होता, आणि त्यात वाड्यातील सुखाहून अधिक समाधान तिला लाभले. खेड्यातील एका पाळकाने लहान प्रमाणावर आरंभिलेले काम केवढ्या कार्याचे बीज झाले, हे आमच्या उपदेशक बंधूंनी अवश्य लक्षात घ्यावे. १८५३ साली लंडनमधील एका लहान इस्पितळाची व्यवस्था तिच्या हाती आली, आणि वडिलांनी वर्षास पाचशे पौंड नेमून देऊन तिला मोकळीक दिली. पाचारणास सोळा वर्षे होऊन गेली होती.

पुढच्याच वर्षी रशियाशी युद्ध पेटले. जखमी व आजारी ब्रिटिश शिपायांस तुर्कस्तानात, कॉन्स्टँटिनोपल (हल्लीचे इस्तंबूल) शहरासमोरील स्कुटारी येथे, एका प्रचंड बराकीत आणून ठेवीत. त्यांच्या हालांची बातमी इंग्लंडात पोहोचताच सरकारच्या विनंतीवरून नाइटिंगेलबाई ३८ परिचारिकांस घेऊन निघाल्या, आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तेथे दाखल झाल्या. रात्री हाती दिवा घेऊन रुग्णांच्या रांगांतून फिरणारी बाई हे त्यांचे चित्र जगभर प्रसिद्ध आहे, आणि ते खरेही आहे. त्यांनी स्वयंपाकाची नीट व्यवस्था केली, कपडे धुण्याची सोय केली, सदरे व चादरी पुरविल्या, मरणाऱ्यांच्या उशाशी त्या बसल्या.

परंतु त्या दिव्याच्या उजेडात जे दिसले नाही तेही सांगितले पाहिजे. एवढी सेवा चालू असता मरणे कमी झाली नाहीत, वाढली! १८५५ च्या फेब्रुवारीत शेकडा ४२ रुग्ण दगावत होते. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्यसमिती आली. तिने जमिनीखाली पाहिले. बराकीच्या खाली गटारे तुंबली होती व त्यांची दुर्गंधी रुग्णांच्या खोल्यांत चढत होती; पाण्याच्या पाटात मेलेले जनावर पडले होते. समितीने गटारे धुऊन काढली, घाण हलविली, भिंतींस चुना दिला, हवेस वाट करून दिली. जून महिन्यापर्यंत मरणाचे प्रमाण शेकडा दोनांवर आले.

१८५६ साली बाई घरी परतल्या तेव्हा सारे राष्ट्र त्यांचा जयजयकार करण्यास उभे होते. त्या गाजावाजा टाळून गुपचूप आल्या आणि हिशेब मांडावयास बसल्या. विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी एकेका महिन्याची मरणे तपासली. जखमांनी मेलेले थोडे. टाळता येणाऱ्या रोगांनी मेलेले कितीतरी अधिक! आपण स्वतः ज्या इस्पितळात राबलो तेथेच हे घडले, ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. मंत्र्यांस व अधिकाऱ्यांस एका दृष्टिक्षेपात उमजावे म्हणून त्यांनी रंगीत आकृती काढून १८५८ साली ते सत्य छापले. स्तुतीचा हार गळ्यात पडला असता असे करावयास जे धैर्य लागते, ते तोफांपुढे उभे राहण्याच्या धैर्याहून कमी नाही असे आम्हांस वाटते.

युद्धात जडलेल्या ज्वराने त्यांची प्रकृती कायमची खालावली. पुढील पुष्कळ वर्षे त्या बहुतेक खोलीतच असत. पण लेखणी थांबली नाही. लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या सुमारे ४५,००० पौंडांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली, आणि जे काम एके काळी लज्जास्पद गणले जाई त्यास प्रतिष्ठा आली.

आमच्या देशाशीही त्यांचा निकटचा संबंध आला. हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यास नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८६३ साली निघाला. त्यावरून हजारी ६९ शिपाई दरसाल मरतात असे आढळले. बाईंनी छावणी-छावणीकडून माहिती मागवून ती चाळली होती. प्रथम त्यांची दृष्टी शिपायांवर होती. पुढे ती रयतेकडे, दुष्काळाकडे व खेड्यांकडे वळली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी पत्रव्यवहार ठेवला, आणि १८९४ साली बुडापेस्टच्या आरोग्यपरिषदेसाठी हिंदुस्थानातील खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध लिहिला. त्या या देशात कधीही आल्या नाहीत. तरी आमच्या विहिरी व उकिरडे यांची काळजी त्यांनी लंडनच्या खोलीतून वाहिली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांस देवाज्ञा झाली. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांच्या शेजारी त्यांस पुरण्याची तयारी दाखविण्यात आली होती. साधेपणाने दफन व्हावे ही त्यांची इच्छा जाणून कुटुंबाने ती नाकारली. सहा सार्जंटांनी शवपेटी खांद्यावर घेऊन वेलोच्या देवळात आणली, आणि आईवडिलांच्या कबरेजवळ त्यांस माती दिली. दगडावर त्यांच्यासाठी नावाची दोन आद्याक्षरे व जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरले आहे. वाडा त्यापूर्वीच, १८९६ साली, कुटुंबाच्या हातून गेला होता. १९४६ पासून तेथे शाळा भरत आहे.

वाचकहो, आमच्या मंडळ्यांतील कितीतरी मुली इस्पितळांत परिचारिका होऊन आपल्या गावास भूषण झाल्या आहेत. तथापि रात्रपाळी, परक्यांची सेवा व लग्नाची चिंता पुढे करून मुलीची वाट अडविणारी घरे अजूनही आहेत. मुलीवर माया आहे म्हणूनच ते अडवितात. एम्बलीच्या आईचीही माया खोटी नव्हती. अशा आईबापांनी त्या वाड्यातील पहाटेची मेणबत्ती आठवावी. आणि आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेस जाणाऱ्या उपदेशकाने गुडघे टेकण्यापूर्वी वा नंतर त्या घरच्या पाण्याचा हंडा झाकलेला आहे की नाही, व उकिरडा विहिरीपासून किती लांब आहे, हेही पाहावे. घाण काढल्यावाचून मायेचे हात अपुरे पडतात, हे स्कुटारीच्या हजारो कबरींनी शिकविले. तो धडा आमच्या गावी पुन्हा कबरी खणून शिकावा लागू नये.