न्हाव्याकडची बंगाली

बँकेच्या नोकरीत अंगठा उठवणाऱ्या बायका पाहिल्या की मला रमाबाई रानडे आठवत. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. माधवराव रात्री शिकवीत. घरातल्या वडीलधाऱ्या बायका दिवसा त्याचे उट्टे काढीत. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही सोडले नाही. मला तरी यातले पहिलेच अधिक अवघड वाटते!

पुढे कलकत्त्यात माधवराव दाढी करवून घेताना बंगाली पुस्तक वाचीत आणि अडलेला शब्द न्हाव्यालाच विचारीत. एवढे न्यायाधीश, पण गुरू न्हावी! रमाबाईंनी आधी चेष्टा केली, मग स्वतःही बंगाली शिकल्या. १९०१ मध्ये वैधव्य आले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि प्रौढ बायका तिथे अक्षरे गिरवू लागल्या.